रुमाल टाकलेली जागा

अध्यक्षसाहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. अहवालाचं सहावं पान, चौथी ओळ: ‘मोजणी विभागाकडून कोणतीही पूर्वसूचना प्राप्त झाली नव्हती.’ झाली होती. आवक क्रमांक चारशे बारा, सोमवार, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं, जांभळा शिक्का, डावी कड पुसट. तुमच्या समितीने ती पोच हातात घेतली, उलटी केली, मागे काही लिहिलंय का पाहिलं आणि फाइलला न लावता परत दिली. ज्या बाईला तुम्ही ‘अनधिकृत फेरफार करणारी कर्मचारी’ म्हणून मोकळे झालात, तिची हकिगत आम्ही तिचे सहकारी खाली देत आहोत. एकदा सरळ बसून वाचा. मग काय ते बोला.

टायरच्या दुकानावर तिसरा मजला, तिथे हे ऑफिस. जिन्यात रबराचा वास आणि वर गेलं की पंख्यांची घरघर. रुग्णवाहिका बोलावायला लोक जो नंबर फिरवतात, तो इथे वाजतो. एका खोलीत चौदा खुर्च्या, चौदाजणी, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन. फोन आला की पत्ता घ्यायचा, जवळची गाडी शोधायची, तिला पाठवायचं, आणि गाडी पोचेपर्यंत समोरच्याला धीर द्यायचा. हे सगळं चालतं क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. भाड्याने देणाऱ्या कंपनीला ऑफिसात सगळे ‘घरमालक’ म्हणत.

भिंतीपलीकडच्या चिंचोळ्या खोलीत मापारीण बसायची. धान्य मोजणाऱ्याला मापारी म्हणतात, ही सर्व्हर मोजायची, म्हणून मापारीण. आली तेव्हा तीही हेडफोन लावणाऱ्यांपैकीच एक होती. शिक्षण बारावी. पुढचं सगळं विचारून विचारून शिकली आणि त्यात तिला लाज वाटली नाही. ज्यांना विचारलं त्यांना चार वर्षांनी तिच्याकडे विचारायला यावं लागलं, तेव्हा तिने कुणाला टोमणाही मारला नाही. हे आमच्याच्याने झालं नसतं.

तिचं काम समजायला सोपं, करायला महाकठीण. सर्व्हर लागेल तेव्हा मागून घेतला तर महाग पडतो, शिवाय मिळेलच याची खात्री नाही. वर्षभरासाठी आधीच धरून ठेवला तर निम्म्यात पडतो. पण मग वापरा नाहीतर रिकामा ठेवा, भाडं चालूच. जास्त धरलं तर पैसे पाण्यात, कमी धरलं तर ऐन वेळी हात चोळत बसायचं. मापारीण याला ‘रुमाल टाकणं’ म्हणायची. बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तसं. किती रुमाल टाकायचे, कुठे टाकायचे, त्यावर खरंच कुणी बसतंय का, हे रोज बघत राहणं म्हणजे तिची नोकरी.

ते ती बघायची ट्रेसिंग पेपरवर. स्क्रीनवर रंगीत आलेख असायचेच, पण तिचा हातावर विश्वास. आदल्या दिवशीचा वापर ती रोज सकाळी पेन्सिलीने एका कागदावर उतरवायची आणि जुने कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावायची. उजेड आरपार आला की वीस-वीस दिवस एकदम दिसत. कुठे रेघा जाड होतात, कुठे फाटतात. ‘‘हा बुधवार नाही,’’ ती एकदा म्हणाली होती, ‘‘बुधवारच्या कपड्यातला रविवार आहे.’’ आणि खरंच त्या बुधवारी शहर बंद होतं. या कागदांवर तिने दोन वर्षांत सर्व्हरचा खर्च एक-तृतीयांशाने खाली आणला, आणि त्या काळात एकही फोन तुटला नाही. तुमच्या अहवालात हे एक वाक्यसुद्धा नाही, साहेब.

तिच्या हातून चूक झाली ती एकच. नव्या वर्षाचे वीस सर्व्हर धरताना यादीत ‘पूर्व एक’ निवडायच्या ऐवजी ‘पूर्व दोन’ निवडलं गेलं. दोन्ही नावं एकाखाली एक. ऑफिसचं सगळं काम पूर्व एक केंद्रात. पूर्व दोनमध्ये आमचं कुत्रंसुद्धा नाही. म्हणजे वीस रुमाल पडले ते दुसऱ्याच बसमध्ये.

तिने तासाभरात स्वतः जाऊन बचतवाल्या साहेबांना सांगितलं. खर्चाला कात्री लावण्यासाठी नेमलेले म्हणून बचतवाले.

‘‘चूक माझी आहे.’’

‘‘आता?’’

‘‘घरमालकाचा नियम आहे, वर्षातून एकदा केंद्र बदलून मिळतं. तुमची सही लागेल.’’

‘‘राहू दे. ती एक संधी आत्ताच कशाला जाळायची? दर सोमवारच्या तक्त्यात ती ओळ दाखवत जा. वापर शून्य. तुमच्याही लक्षात राहील.’’

मग दर सोमवारी मापारीण स्वतःच्या हाताने स्वतःची चूक लिहायची. पूर्व दोन, राखीव वीस, वापर शून्य. दहा आठवडे लिहिली. अकराव्या सोमवारी तिथे चार टक्के आले.

आकडा चुकला असेल म्हणून तिने पुन्हा काढला. चारच. मंगळवारी सहा. तिने नेटवर्क सांभाळणाऱ्या तारवाल्याला बोलावलं. पंचावन्नचा माणूस, चष्मा कपाळावर आणि बोलणं नेहमी तिरकं.

‘‘मापारीणबाई, तुमच्या रुमालावर कुणीतरी बसलंय.’’

‘‘कोण ते सांगा.’’

त्याने अर्धा तास खटपट केली. चहा आला, गार झाला. ‘‘कुणी नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तिथे आपला एकही सर्व्हर सुरू नाही. कुणी घुसल्याची खूण नाही. सीट रिकामी आहे.’’ मग चष्मा खाली घेऊन आकडा पुन्हा पाहिला. ‘‘पण गरम आहे.’’

घरमालकाच्या मदत-क्रमांकावरच्या मुलीचा आवाज गोड होता. ‘‘मॅडम, वापर तुमच्याच खात्यातून होतोय.’’

‘‘अहो, आमचं तिथे काही नाही.’’

‘‘खातं तुमचंच दिसतंय, मॅडम. आणखी काही मदत करू शकते?’’

मापारीण घाबरली नाही. तिने केलं ते तिचं नेहमीचं काम. पूर्व दोनचा रोजचा वापर ट्रेसिंग पेपरवर उतरवायला लागली. तीन आठवडे. सकाळी नऊला चढ, दुपारी जेवणवेळी पोटात आलेला खळगा, संध्याकाळी सहाला वाहनांच्या अपघातांचं टेकाड. ही चाल ती झोपेतही ओळखली असती. ही फोनच्या खोलीची चाल होती. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. तिकडे मंगळवार-बुधवारी मरगळ असायची, सुट्टीच्या दिवसांसारखी.

तिने पूर्व दोनचा एक मंगळवार उचलला आणि पूर्व एकच्या शनिवारांवर एकेक करून धरला. अकरा दिवसांनंतरच्या शनिवारावर तो बसला. चढ चढावर, खळगा खळग्यात. पेन्सिलीची रेघ दोन कागदांत मिळून एकच दिसत होती.

तिने कागद काचेवरून काढले, खुर्चीवर ठेवले आणि हात धुऊन आली.

घरी ती आणि तिची धाकटी नणंद, दोघीच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. नणंद फोनच्या खोलीत चौदाव्या खुर्चीवर बसायची. तिचा कान असा, की एकदा ऐकलेला आवाज दोन वर्षांनीही ओळखायची. मापारीण तिला चिडवायला ‘वन्सं’ म्हणायची, खरं तर ती तिच्याहून नऊ वर्षांनी लहान.

‘‘वन्सं, एक विचारू? हसणार नसलात तर.’’

‘‘हसणार नाही असं लिहून देऊ का? विचारा, वहिनी.’’

‘‘आज जे फोन आले, ते आधी येऊन गेल्यासारखे वाटले कधी?’’

नणंद भाजी चिरत होती. सुरी थांबली. ‘‘आम्हाला रोजच वाटतं तसं. तीच पडलेली म्हातारी, तेच जिने.’’ मग तिने वर पाहिलं. ‘‘तुम्ही त्या अर्थाने विचारत नाही आहात.’’

‘‘नाही.’’

तारवाल्याने आधी ऐकूनच घेतलं नाही. ‘‘योगायोग,’’ म्हणाला. ‘‘तुमच्या शहराची चाल ठरलेली आहे.’’ पुढच्याच मंगळवारी दुपारी तीन वीसला त्याच्याच खुर्चीचा पाय प्लगला लागला, वायर निसटली आणि अख्खी यंत्रणा चार मिनिटं खाली बसली. सगळे त्याच्यावर ओरडले. तो तडक मापारीणकडे आला.

‘‘अकरा दिवसांपूर्वीचा कागद दाखवा. शुक्रवारचा.’’

तिने दाखवला. पूर्व दोनच्या शुक्रवारच्या रेघेत तीन वीसला एक खाच होती, उंदराने कुरतडल्यासारखी. पट्टीने मोजली. चार मिनिटं.

तारवाल्याने पट्टी खाली ठेवली. म्हणाला, ‘‘माझी खुर्ची लागणार होती, हे त्या शुक्रवारी मलाच माहीत नव्हतं हो.’’ त्यानंतर त्याने त्या कागदांवर एकही विनोद केला नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी मापारीणने पूर्व दोनचा आदला दिवस, म्हणजे रविवार, उतरवायला घेतला. दहा चाळीसपर्यंत रेघ सरळ होती. तिथून ती वर गेली. कागदाच्या कडेपर्यंत गेली. तिने वर दुसरा कागद चिकटवला. रेघ त्याच्याही बाहेर गेली. तिसरा चिकटवला. अकरा बावन्नला टोक, बारा दोनपर्यंत तिथेच, मग साडेबाराला उतार. असा दिवस तिच्या कागदांच्या ढिगात एकही नव्हता. बोट ठेवून तिने कॅलेंडरवर अकरा घरं मोजली. गुरुवार.

त्याच सकाळी तिने टिपण लिहिलं. ‘पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी १०.४० ते १२.३० या वेळेत फोनचा भार नेहमीच्या सहापट होण्याची शक्यता आहे. राखीव क्षमता वाढवावी, निदान पूर्व दोनमधले वीस सर्व्हर पूर्व एकमध्ये आणण्यास मंजुरी द्यावी.’ खाली स्वच्छ अक्षरात सही. आवक क्रमांक चारशे बारा. तोच, साहेब.

बचतवाल्यांनी बोलावलं. ‘‘याला आधार काय?’’

खोटं सांगता आलं असतं. मोर्चा आहे, क्रिकेटचा सामना आहे, काहीही. तिने तिन्ही कागद टेबलावर पसरले आणि होतं ते सांगितलं.

बचतवाले हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी चष्मा पुसला. ‘‘वरून मला पन्नास टक्के राखीव कमी करायला सांगितलंय. आणि मी लिहू काय? रिकामी जागा गरम लागली म्हणून?’’

‘‘लागली तर लागली म्हणून लिहावं.’’

‘‘बघतो.’’

ते आठ दिवस बघत होते. मंगळवारी दुपारी टिपण परत आलं. नामंजूर.

सही नव्हती, पण घरमालकाच्या खात्याचा पासवर्ड मापारीणकडे होता. तो तिच्या कामाचाच भाग. बुधवारी दुपारी बारा वाजता ती स्क्रीनसमोर बसली. तारवाला दाराला टेकून उभा.

‘‘नोकरी जाईल.’’

‘‘जाईल.’’

‘‘आणि तिकडचं दिसायचं बंद होईल. परत असं कधी कळणार नाही.’’

‘‘तेही कळतंय मला.’’ तिचा हात माउसवर होता, पण हलत नव्हता. ‘‘मला वेगळंच वाटतंय. तिथे जे कुणी बसलंय, त्याला मी उठवतेय. न विचारता.’’

‘‘मग विचारा की,’’ तारवाला म्हणाला. चेष्टा करायची सवय, तोंडातून गेलं.

तिने खरंच विचारलं. स्क्रीनकडे बघून, हळू आवाजात, घरात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. ‘‘उद्या आम्हाला लागणार आहे हो. देता का?’’

पूर्व दोनचा वापर त्या क्षणी बेचाळीस टक्के होता. आकडा एकेक करत उतरला. तीस, अठरा, सहा. मग शून्य.

तिने बटण दाबलं.

गुरुवारी सकाळी दहा चाळीसला रंगाच्या गोदामाला आग लागली. गोदामाला लागून वस्ती. धूर काळा, जड, जमिनीलगत पसरणारा. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, तुमच्या अहवालात नकाशासकट आहे.

दहा पंचेचाळीसला चौदाही खुर्च्या बोलत होत्या. अकराला कुणी पाणी प्यायला उठलं नव्हतं. भिंतीपलीकडून मापारीणला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त चौदा आवाजांचा एकसारखा गुंजारव. खोलीत घामाचा आणि तापलेल्या वायरींचा वास भरला होता. गुंजारव तुटत नव्हता. पत्ते उमटत होते, गाड्या निघत होत्या, परत येऊन पुन्हा निघत होत्या. आणलेले वीस सर्व्हर एकेक करून भरले.

घरमालकाकडे ऐन वेळची आणखी जागा मागून पाहिली. नव्हती. त्या दिवशी सगळं शहरच मागत होतं. दवाखाने, बातम्यावाले, एकमेकांना शोधणारी माणसं.

अकरा एक्कावन्न. शंभर टक्के.

तिला माहीत होतं. कागद तीन होते, तिच्याकडची जागा अडीच कागद पुरेल एवढीच होती.

अकरा बावन्न.

तारवाल्याने डोळे मिटून घेतले.

फोन तुटले नाहीत.

दहा मिनिटं रेघ छताच्या वर होती आणि एकही फोन तुटला नाही. बारा दोनला ती खाली आली.

माणसं वाचली. सगळी नाही, पण ज्यांनी नंबर फिरवला त्या प्रत्येकाला उत्तर मिळालं. मापारीण खिडकीशी जाऊन उभी राहिली. नणंद हेडफोन मानेत घेऊनच भिंतीपलीकडून धावत आली, तिच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

‘‘वहिनी, केलंत तुम्ही.’’

‘‘मी अडीच कागदांपुरतंच केलं,’’ मापारीण म्हणाली. ‘‘वरचं कुणी केलं ते बघा.’’

त्यांनी पाहिलं. प्रत्येक फोनच्या नोंदीत घेणारीच्या खुर्चीचा क्रमांक असतो, एक ते चौदा. चौदाव्या खुर्चीनंतर पाण्याचं पिंप आहे, मग भिंत. त्या दहा मिनिटांतले तीस फोन पंधराव्या खुर्चीने घेतले होते. ते जिथून चालले ते केंद्र पूर्व दोन. आदल्या दुपारी सोडून दिलेलं.

रेकॉर्डिंग सांभाळायचं काम नणंदेकडे. तिने तीसच्या तीस ऐकले. बाईचा आवाज, शांत, मध्यम वयाचा. ओलं फडकं दाराच्या फटीत कोंबा. बाळाला जमिनीवर ठेवू नका. गाडी कोपऱ्यावर आलीय, आता उठा. एकही सूचना चुकलेली नाही. त्या तीसही घरांतली माणसं आज हिंडतफिरताहेत.

‘‘आपल्यातली कुणी नाही,’’ नणंद म्हणाली. ‘‘चौदाही आवाज मला पाठ आहेत. ही कामात आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे, वहिनी. फक्त...’’

‘‘काय?’’

‘‘एवढं बोलते, पण मध्ये श्वास घ्यायला कुठेच थांबत नाही.’’

मापारीणने कागदावर लिहून घेतलं: पंधरावी खुर्ची, तीस फोन, तुटले शून्य. खाली दोन रेघा मारल्या. एका मोजणाऱ्या बाईने दुसरीला दिलेली ती सर्वांत मोठी शाबासकी असावी.

पुढचं तुमचं कर्तृत्व, साहेब. तुमची समिती आली. मापारीण निलंबित झाली. कागद जप्त झाले. रेकॉर्डिंग सीलबंद झालं. आणि शिफारस क्रमांक एक: सर्व राखीव क्षमता या महिनाअखेर सोडून द्यावी, कारण तक्त्यांनुसार पूर्व दोनमध्ये दहा आठवडे वापर शून्य होता.

सील करताना मोजणी तुमच्याच लोकांनी केली. पंधराव्या खुर्चीची रेकॉर्डिंग एकतीस आहेत. तीस त्या गुरुवारची. एकतिसाव्यावर तारीख पुढच्या महिन्याची सतरा, दुपारी चार वाजून पाच मिनिटं. तुम्ही शेरा मारलात, ‘घड्याळातील दोष’.

नणंदेने ते सीलच्या आधी ऐकलं होतं. त्यात बाई बोलत नाही. कुणीच फोन घेत नाही. नुसती घंटा वाजते, आणि घंटेच्या मधून एक पुरुष अडखळत बोलतो. छातीत दुखतंय. हॅलो. दुसरा मजला, जिन्याला लागून. दार आतून बंद आहे, मला उठता येत नाही. कोणी आहे का? हॅलो.

तो आवाज कुणाचा, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. साक्षीच्या दिवशी ती मापारीणबरोबर आली होती. सगळे बसले आणि टेबलाच्या मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘हॅलो, माइक सुरू आहे का?’’

नणंदेने वहिनीचा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

त्या दोघींनी तुम्हाला तिथेच सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही म्हणालात, विषयाला धरून बोला. म्हणून विषयाला धरूनच विचारतो आहोत. सतरा तारखेला अजून बावीस दिवस आहेत. जागा धरून ठेवणं अजूनही तुमच्या एका सहीत आहे.

साहेब, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता का? जिन्याला लागून? दुपारी घरात एकटेच असलात की दार आतून लावून घेता का? लेखी उत्तर द्या.